भाला कोणाचा?

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या घराच्या भिंती बोडक्या होतात. जाळीजळमटे काढायची म्हणून सूनबाई एकेक वस्तू खाली उतरवते, आणि बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्रे पसरून त्यांवर सहा भाले ओळीने निजवले जातात. चकलीचा सोऱ्या मागायला आलेल्या शेजारीणबाई उंबरठ्यातच थबकतात. एखादा नवा पाहुणा असला तर त्याचा प्रश्न ठरलेला असतो : "आपलं घराणं मूळचं कुठलं म्हणायचं?" भाला दिसला की मराठी माणसाला पानिपत आठवते. माझे घराणे कारकुनांचे. आजोबा मामलेदार कचेरीत होते, आणि टाकाच्या निबेपेक्षा टोकदार वस्तू त्यांनी कधी हातात धरली असेल असे मला वाटत नाही.

हे भाले आफ्रिकेतले आहेत. चार मी पैसे मोजून घेतले आणि एक भेट मिळाला, म्हणून ते पाच माझे. सहाव्याचेही पैसे मी मोजले होते. पण तो माझा आहे असे मला म्हणवत नाही. ते का, ते ओघाने येईलच.

गेल्या वर्षी याच पानावर मी अडकित्त्यांविषयी लिहिले, तेव्हा बरीच पत्रे आली. त्यांतल्या निम्म्या पत्रांत एकच विचारणा होती : आमच्याकडेही एक जुना अडकित्ता आहे, त्याचे किती येतील? म्हणून या वेळी आधीच सांगून ठेवतो, भाल्यांचा भाव मला विचारू नये. भाला ओळखायचा कसा एवढेच मला थोडेफार समजते, आणि तेही एकदोनदा सपशेल आपटल्यानंतर समजले आहे.

नोकरीसाठी मी १९७५ साली नैरोबीला गेलो आणि १९८९ पर्यंत तिथे एका चहाच्या कंपनीत हिशेब लिहीत होतो. तिथल्या स्वाहिली भाषेत बाईमाणसाला मानाने 'मामा' म्हणतात. भाजीवाल्याने पहिल्याच दिवशी आमच्या सौभाग्यवतींना 'मामा' म्हणून हाक मारली, तेव्हापासून घरात मामा त्या आणि नुसता भाचा मी, अशी व्यवस्था झाली. पहिल्याच सुट्टीत आम्ही आंबोसेलीचे हत्ती बघायला निघालो. नामांगाच्या रस्त्यावर लाल वस्त्र पांघरलेला एक उंच माणूस भाले विकत उभा होता. "फार जुना आहे, ब्वाना. माझ्या आजोबांनी यानं सिंह मारला," असे तो म्हणाला. मी त्याच्या आजोबांचा मान राखून तो मागेल ती किंमत दिली.

आमच्या शेजारी एक गोवेकर गृहस्थ राहत. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, तेव्हा तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले होते. त्यांच्या मागोमाग कारकून आणि स्टेशनमास्तर गेले. या गृहस्थांचे वडील त्यांतले. ते स्वतःही रेल्वेतूनच निवृत्त झाले होते, आणि रूळमार्गावर ठिकठिकाणी बदल्या होता होता त्यांना भाल्यांचा नाद लागला होता. मी मोठ्या ऐटीत माझा सिंहमार त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पात्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एका हाताने दांडा धरला, दुसऱ्या हाताने पाते पिरगाळले, आणि पाण्याच्या नळाची तोटी निघावी तसे ते निघून आले. आत यंत्रावर काढलेले स्वच्छ आटे होते.

"सिंहाला आधी थांबायला सांगायला हवं," ते म्हणाले, "स्क्रू घट्ट करीपर्यंत."

प्रवाशाच्या पेटीत मावावा म्हणून असा तीन तुकड्यांचा भाला करतात. त्यात फसवणूकही म्हणता येत नाही, कारण तो भाला मसाई माणसानेच विकलेला असतो आणि दिसायलाही हुबेहूब असतो. फक्त सिंहाची गोष्ट जास्तीची. तो भाला मी अजून ठेवला आहे. सहांतला हा पहिला.

गोवेकरांनी मला पहिला धडा दिला तो असा, की पाते बघू नकोस, सांधा बघ. पात्याच्या आकारावर सगळेच भाळतात, म्हणून खोटे भाले करणाराही सगळी मेहनत तिथेच घेतो. लोखंड लाकडाला जोडले कसे, इथे मात्र हात उघडा पडतो. जोडण्याच्या रीती ढोबळमानाने दोन. एक म्हणजे पात्याच्या मागे लोखंडाची नळी असते आणि तिच्यात दांडा बसवतात. पूर्व आफ्रिकेत आणि सुदानात ही रीत. ही नळी हाताने घडवलेली असेल, तर तापवलेला पत्रा गुंडाळून ती केलेली असते, आणि त्याच्या दोन कडा जिथे भेटतात तिथली फट एका बाजूला स्पष्ट दिसते. कानसलेल्या, गुळगुळीत, फट नसलेल्या नळीबद्दल संशय धरावा. दुसरी रीत दक्षिणेची. तिथे पात्याच्या मागे विळ्याला असते तशी अणकुचीदार शेपटी असते. ती लाल तापवून दांड्यात खुपसतात आणि वरून बांधणी करतात.

माझा दुसरा भाला या दुसऱ्या जातीचा आहे, झुलू लोकांचा. घर मोडून विलायतेला परत निघालेल्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंकडून तो मी घेतला. अशा भाल्याच्या बांधणीला वेताची वीण असते, नाही तर गुराच्या शेपटीच्या कातड्याची नळी. ही नळी ओली असतानाच चढवतात. वाळली की ती अशी आवळते की खिळ्याची गरज उरत नाही. आखूड दांडा आणि लांबरुंद पाते असा हा भाला फेकायचा नसतो, जवळ जाऊन खुपसायचा असतो. शाका या झुलू राजाने तो प्रचारात आणला असे सांगतात. त्याला 'इक्ल्वा' म्हणतात, आणि हे नाव म्हणे शरीरातून पाते उपसताना होणाऱ्या आवाजावरून पडले. हे मी एकदा जेवताना सांगितले, त्या दिवशी आमच्या सौभाग्यवती पानावरून उठल्या. इंग्रज लोक सरसकट सगळ्यांना 'असेगाय' म्हणतात. त्या शब्दाचा गायीशी काही संबंध नाही आणि झुलू भाषेशीही नाही. तो उत्तर आफ्रिकेतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून दक्षिणेला पोचला. १८७९ च्या जानेवारीत इसांडल्वाना येथे झुलूंनी इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला. पुढे सहा महिन्यांत पारडे फिरले, आणि झुलूंचे भाले आठवण म्हणून जहाजे भरभरून विलायतेला गेले. आज तिकडच्या लिलावात झुलू भाला निघाला की तो याच लढाईतला असल्याचे हटकून सांगतात. तेवढ्या सगळ्या भाल्यांना रणांगणावर उभे राहायला तरी जागा झाली असती की नाही कोण जाणे.

तिसऱ्या भाल्याने मला पुण्यात गाठले. परत आल्यावर एका रविवारी जुन्या बाजारात एकाने तो माझ्यासमोर धरला आणि "सरदार घराण्यातला आहे, साहेब" म्हणाला. दांडा बांबूचा होता, आणि आपल्याकडचे भालेही बांबूचेच असत, त्यामुळे त्याची तरी काय चूक? पण पाते भल्या रुंद पानासारखे होते, मध्यावर उभा कणा होता, आणि नळीखाली सरड्याच्या जातीच्या कुठल्याशा प्राण्याचे खवल्यांचे कातडे चिकटवले होते. हे सगळे सुदानचे. सुदानी भाल्याला बुंध्याकडे वजनासाठी लोखंडाची पट्टी गुंडाळलेली असते. इथे ती नव्हती. दांडा खालून करवतीने सरळ कापलेला होता. हेही नेहमीचेच. शिपायाला जहाजावर सात फुटी काठी कोण नेऊ देणार? म्हणून तो ती कापतो.

सुदानी भाला पुण्यात आला कसा, हे मी छातीठोक सांगू शकणार नाही. पण १८८५ साली महदीच्या अनुयायांशी लढायला हिंदुस्थानातून जी फौज तांबड्या समुद्रावरच्या सुआकिनला गेली, तिच्यात अठ्ठाविसावी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती, आणि त्या मार्च महिन्यात टोफ्रेकला जी हातघाईची लढाई झाली तिच्यात ती सापडली होती. तिच्यातल्या कोणा हवालदाराने हा आणला असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे. समजूतच ती, चिठ्ठी वगैरे काही नाही.

चौथा भाला मुळी भालाच नाही. पुरुषभर उंचीचे नुसते पाते. राक्षसाचा भाला म्हणून नैरोबीच्या एका व्यापाऱ्याने तो मला विकला. त्याला नळी नाही, शेपटी नाही, धारही नाही. गोवेकर पोट धरधरून हसले. कांगो नदीकाठच्या तोपोके लोकांत अशा पात्याला 'लिगांडा' म्हणतात, आणि ते असते चलन. नवरी मागायला जाताना अशी पाती मोजून द्यायची. म्हणजे माझ्या भिंतीवर जे टांगले आहे ते शस्त्र नसून कोणाच्या तरी लग्नाचा खर्च आहे. पाचवा सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा, पात्यापासून बुंध्यापर्यंत सबंध लोखंडाचा, मधे पितळेची नक्षी असलेला. तो गोवेकरांनी मला भेट म्हणून दिला. देखणा आहे, जड आहे. याहून अधिक त्याच्याबद्दल सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नाही.

सांध्याच्या खालोखाल बघायचे ते झिजेकडे. लोखंड गंजवून जुने करता येते. लाकडाला चहाचे पाणी किंवा बुटाचे पॉलिश चोपडून काळपट करता येते. म्हणून अनोळखी भाला हातात आला की आधी हुंगावा. पण वर्षानुवर्षे एकाच हाताने एकाच जागी धरल्याने जी झीज होते, ती करणे अवघड. ती एकसारखी नसते. अंगठ्याखाली जास्त असते, करंगळीकडे कमी. मग पात्याचा छेद बघावा. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत एक चमत्कारिक प्रकार आढळतो. पात्याच्या एका अंगाला डावा अर्धा भाग खोल आणि उजवा फुगीर. उलटून धरले तरी पुन्हा डावाच खोल. आडवे कापले तर त्याचा आकार नागमोडी दिसेल. हे ऐरणीवर ठोकूनच साधते. पत्रा कापून केलेल्या पात्यात ते सहसा मिळत नाही.

आता दुसऱ्यांदा आपटलो ते सांगतो. एका मसाई भाल्याचे पाते मळकट दिसले म्हणून एका दिवाळीला मी तो एमरी पेपरने घासून लख्ख केला. गोवेकर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हणालो, मसाई जवान स्वतःसुद्धा भाला चकचकीतच ठेवतात! ते खरेच होते. पण त्यांची चकाकी चरबीची आणि हाताची असते. माझ्या घासण्याने पात्यावर सरळ, समांतर ओरखडे उठले, आणि घणाच्या ठोक्यांच्या खुणा होत्या त्या गेल्या. त्या परत येत नाहीत. तो भाला मी पुढे देऊन टाकला. आता आम्ही कोरड्या मऊ फडक्याने पुसतो आणि लोखंडावर तेलाचा हात फिरवतो, बस्स.

मसाई भाल्याची माहिती या सगळ्यांहून मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात तो असा नव्हता. तेव्हा पाते आखूड नि पानासारखे रुंद, आणि दांडा लांब लाकडाचा. पुढे पाते लांबत गेले, अरुंद होत गेले, बुंध्याकडची लोखंडी अणीही लांबली, आणि मधले लाकूड आक्रसत आक्रसत मुठीपुरते उरले. किनाऱ्यावरून येणारे व्यापारी तांडे जाड लोखंडी तारेची वेटोळी आणत, आणि तिच्यापासून पाती घडवता येत. लोखंड वाढले तसे भाल्यातले लाकूड घटले. सगळ्या भागांत हे एकाच वेळी झाले नाही, त्यामुळे नुसत्या लांबीवरून साल काढू नये. पण पिढीचा अंदाज बांधता येतो.

आणि घडवणारे कोण? मसाई स्वतः लोहारकाम करीत नाहीत. त्यांच्यातच लोहारांचा एक वेगळा गट आहे, 'इल-कुनोनो' नावाचा. त्यांच्याशी बाकीचे सोयरीक करीत नसत. लोहाराने केलेले हत्यार घेताना हाताला चरबी लावून मग ते धरायचे, म्हणजे विटाळ होत नाही, अशी रीत शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. ज्याच्या ऐरणीवर अख्ख्या जमातीचे शौर्य घडायचे, त्याच्या अंगणातली मुलगी मात्र कोणाला नको. हे वाचले तेव्हा मला आफ्रिका फार लांबची वाटेनाशी झाली.

आता सहावा.

१९८४ साली केनियात पाऊस आला नाही. नैरोबीत आम्हांला त्याची झळ एवढीच लागली, की परदेशातून आणलेल्या पिवळ्या मक्याचे पीठ दुकानांत दिसू लागले, आणि पांढऱ्या मक्याची सवय असलेले लोक त्याला नाके मुरडू लागले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली तेव्हा आपण मुरडली होती तशीच. एका रविवारी मी काजियादोला गेलो. नैरोबीपासून ते पन्नास मैलांवर. रस्त्याच्या दोन्ही कडांना गुरे मरून पडलेली होती. तिथे एका कच्छी गृहस्थांचे दुकान होते. स्वाहिलीत त्याला 'दुका' म्हणतात. ते आपले दुकानच. मी चहा पीत बसलो होतो, आणि पन्नाशीचा एक मसाई माणूस भाला घेऊन आत आला. त्याला पीठ हवे होते, आणि उधारी आधीच थकलेली होती.

मी भाला पाहिला, आणि गोवेकरांनी शिकवलेले सगळे माझ्या डोळ्यांपुढे धडाधड उभे राहिले. नळीवरची फट होती. पात्यावर ठोक्यांच्या खुणा होत्या. लाकडी मूठ काळीभोर, आणि अंगठ्याखाली खोल झिजलेली. बुंध्याची अणी टोकाकडे चांदीसारखी उजळ, कारण जिथे थांबेल तिथे तो भाला जमिनीत रोवला जात असे. यंत्राचा कुठे स्पर्श नाही. त्या माणसाने पिठाच्या दोन पोत्यांचे पैसे मागितले. मी त्याला एका पोत्यावर आणले.

यात मला तेव्हा काहीच वावगे वाटले नाही, हे मी मुद्दाम लिहितो. घासाघीस केली नाही तर विकणाऱ्यालाही चुकल्यासारखे वाटते, असे आम्ही हौशी लोक एकमेकांना सांगत असतो. गोवेकरांनी तो उलटसुलट फिरवून पाहिला आणि म्हणाले, "तुझ्याकडं आता एक तरी भाला आला."

पुढच्या महिन्यात आमच्या इमारतीचा रात्रीचा राखणदार काही निरोप घेऊन वर आला. तोही मसाईच, वयाने साठीचा. भिंतीवरचा भाला पाहून त्याने हात पुढे केला. मी काढून दिला. त्याने पाते पाहिले नाही आणि सांधाही पाहिला नाही. भाला तळहातावर आडवा तोलला, मग मुठीत धरला, आणि आपला अंगठा त्या झिजलेल्या खळीत बसतो का ते पाहिले. बसला नाही, त्याचा हात लहान होता.

"या नानी?" त्याने विचारले. म्हणजे, कोणाचा?

"मसाई," मी अभिमानाने सांगितले.

तो हसला. "मसाई आहे ते मला दिसतंय, ब्वाना. कोणाचा?"

मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ थांबला आणि भाला माझ्या हातात देऊन खाली गेला.

त्या रात्री मला आठवला तो १९७२ साल. नगर जिल्ह्यात आमच्या मावशीकडे मी गेलो होतो. माणसे तांब्याचे हंडे, घंगाळी, लग्नात मिळालेल्या समया मोडीत घालत होती. मोडीवाला तराजू घेऊन पारावर बसला होता, आणि हंड्याच्या काठावर कोरलेली नावे तशीच ठेवून वजन करीत होता. आम्ही त्याला काय काय म्हणालो होतो! आणि तो निदान वजनाप्रमाणे पैसे देत होता.

१९८५ साली पाऊस झाल्यावर मी भाला घेऊन काजियादोला गेलो. दुकानदारांना तो माणूस माहीत होता. दोन रविवार फुकट गेले, तिसऱ्या रविवारी तो आला. दुकानदार मसाई भाषा मातृभाषेसारखी बोलत, त्यामुळे सगळे बोलणे त्यांच्यामार्फत झाले. भाला बघताच त्याने तो घेतला, दाराबाहेर गेला, जमिनीत रोवला आणि बाजूला उभा राहिला. मग त्याने विचारले,

"पीठ परत हवंय का? ते तर खाऊन झालं."

मी म्हणालो, नको. भाला तुमचा आहे, ठेवून घ्या.

दुकानदारांनी ते सांगितले. त्या माणसाचा चेहरा बदलला. मला वाटते तो रागावला. बराच वेळ ते दोघे बोलत होते. मग दुकानदारांनी मला समजावले. भाला त्याचा नव्हता, त्याच्या थोरल्या भावाचा होता. भाऊ जवान असताना त्याने तो करवून घेतला होता. भाऊ गेला, आणि भाला धाकट्याकडे राहिला. "तो म्हणतो, मी तो विकला. विकलेली वस्तू फुकट घेतली तर ती भीक झाली. भावाचा भाला भिकेत घेणार नाही." गुरे फार थोडी उरली होती. ती वाढली की तो एक कालवड देईल आणि भाला घेऊन जाईल. तोवर तुम्ही ठेवा.

मी म्हणालो, कालवड घेऊन मी नैरोबीच्या तिसऱ्या मजल्यावर काय करू? दुकानदार म्हणाले, "शेठ, ते त्याला सांगू नका."

निघताना त्याने एकच सांगितले : गंजू देऊ नकोस. मी दुकानदारांकडून दोन्ही भावांची नावे लिहून घेतली. ते गुजरातीत हिशेब लिहीत, म्हणून चिठ्ठी गुजराती अक्षरांत आहे. ती मी दोऱ्याने मुठीला बांधली.

पुढची चार वर्षे मी अधूनमधून काजियादोला चौकशी करीत होतो. कधी तो गुरे घेऊन दूर चरणीला गेलेला असे, कधी कळप अजून लहान आहे असा निरोप असे. १९८९ साली नैरोबी सोडताना मी भाला दुकानदारांकडे ठेवायला नेला. त्यांनी हात जोडले. "उद्या माझी मुलं विकून टाकतील. आणि सौदा त्याचा तुमच्याशी आहे." मी माझा पुण्याचा पत्ता दिला, सगळ्या भाल्यांची रीतसर कागदपत्रे केली आणि आलो. १९९३ साली त्यांचे पत्र आले, दुकान विकून मुलांकडे विलायतेला निघालो म्हणून. त्यानंतर काही नाही.

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा ऑक्सफर्डचे पिट रिव्हर्स संग्रहालय पाहिले. १८८४ साली एका सेनापतीने आपला सगळा संग्रह विद्यापीठाला दिला, त्यातून ते उभे राहिले. तिथे वस्तू देशाप्रमाणे मांडलेल्या नाहीत, जातीप्रमाणे मांडल्या आहेत : दिव्यांजवळ दिवे, भाल्यांजवळ भाले. बारीक अक्षरांत लिहिलेल्या चिठ्ठ्या जागोजाग बांधलेल्या. दोन तास मी त्या वाचत फिरलो. कुठली जमात, कोणत्या साली मिळाला, कोणी दिला. देणाऱ्याचे नाव बहुतेक ठिकाणी होते. ज्याच्या मुठीत तो भाला झिजला, त्याचे नाव मला एकाही चिठ्ठीवर सापडले नाही.

नावे असली म्हणजे वस्तू परत जातात, असे मात्र एकदा वाचले. केनियातल्या नांदी लोकांचा पुढारी कोइतालेल १९०५ साली तहाच्या बोलण्याला आला असता एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली आणि त्याच्या मानाच्या काठ्या नेल्या. त्या अधिकाऱ्याच्या मुलाकडून त्या २००६ साली नांदींकडे परत आल्या. शंभर वर्षे लागली. पण त्या कोणाच्या हे सगळ्यांना माहीत होते.

परवा सूनबाई भाले पुसत होती. सहाव्याची चिठ्ठी आता पिवळी पडली आहे, दोराही दोनदा बदलला. तिचे आजोळ बडोद्याचे, त्यामुळे तिला गुजराती वाचता येते. तिने दोन्ही नावे मोठ्याने वाचली. ती मी इथे छापीत नाही. मग पात्यावर तेलाचा हात फिरवीत तिने विचारले,

"बाबा, ते असतील का हो अजून?"

"असले तर नव्वदीला आले असतील. त्यांचा मुलगा असेल, नातू असेल."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कालवड किती वर्षांची द्यायची, असं काही ठरलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "ते विचारायचं राहिलंच."

तिने भाला उचलून माझ्या हातात दिला आणि स्टूल धरले. मी तो खिळ्यावर परत चढवला.